मान अधिक धन

"मानधन म्हणजे मान अधिक धन," बाबांनी नृत्याच्या बाईंना समजावलं. "धन थोडं कमी धरा. मानात आम्ही कसूर करणार नाही."

पंपांच्या कारखान्यात खरेदी अधिकारी म्हणून बाबांची हयात गेली होती. समोरच्याच्या आकड्यातून काहीतरी कापल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. लेकीचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावर एकटीने नाचण्याचा पहिलाच कार्यक्रम, तोंडावर आलं होतं. बाईंनी परगावहून तीन साथीदार ठरवले होते: एक गायिका, एक व्हायोलिनवाले आणि एक मृदंगवाले.

"त्यापेक्षा टेपवर नाचली तर?" बाबांनी विचारलं.

"टेपला माझे पाय दिसत नाहीत, बाबा," लेक म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

तेव्हा बाबांनी बिदागीचा नाद सोडला आणि हॉटेलावर काट मारली. फुलांच्या भल्यामोठ्या कमानीचे पैसे मात्र त्यांनी हूं की चूं न करता दिले, कारण ती फोटोत येणार होती.

साथीदार घरीच उतरले. गायिकेला लेकीची खोली मिळाली, व्हायोलिनवाल्यांना बाबांचा पलंग आणि मृदंगवाल्यांना बाहेरच्या खोलीतला सोफा-कम-बेड. तो बाबांनी तीन कोटेशनं मागवून सगळ्यांत स्वस्तात घेतला होता. त्यातला बेड निम्माच उघडायचा.

"अगदी घरच्यासारखं समजा," बाबा म्हणाले.

"घरी मी पाय पसरून झोपतो," मृदंगवाले म्हणाले. पण माणूस सभ्य, झोपले.

सकाळी ते चहाला बसले ते खिडकीकडे तोंड करून. आईने कप पुढे केला, तरी खिडकीकडेच.

"अहो, रागावलेत वाटतं," आई बाबांच्या कानाशी कुजबुजली.

"रागावलो नाही, वहिनी. मान धरलीय. उजवीकडे वळलीय ती परत यायचं नाव घेत नाही."

तेल चोळून झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. शेजारच्या काकांनी "एका झटक्यात सोडवतो" म्हणत बाह्या सरसावल्या, तेव्हा मृदंगवाले मृदंग पोटाशी धरून बाथरूममध्ये शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली.

हात शाबूत होते, प्रश्न नजरेचा होता. साथीदार रंगमंचाच्या एका कडेला बसत आणि नर्तकी त्यांच्या डावीकडे नाचे. दुपारी सभागृहात जाऊन बसल्यावर उजवीकडे वळलेल्या मृदंगवाल्यांना तिथून फक्त विंगेतली वाळूची बादली दिसत होती.

"पाय दिसले नाहीत तर थाप कुठे मारू?" ते बादलीला म्हणाले.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आपण सगळेच पलीकडच्या कडेला बसू," बाई म्हणाल्या. "म्हणजे ती उजवीकडे येईल."

पलीकडे कमान होती. बाबांनी एकदा कमानीकडे पाहिलं आणि एकदा लेकीच्या पायांकडे. त्याच पायांच्या आवाजापायी त्यांनी खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी वर्षानुवर्षं खाल्ली होती.

"काढा ती," ते म्हणाले.

कमान मावेल अशी एकच जागा निघाली, स्वच्छतागृहाच्या दारावरची. माइकच्या वायरी पलीकडे पोहोचेनात. ध्वनिव्यवस्थावाल्याने जादा पैसे मागितले आणि बाबांनी ते मुकाट्याने कबूल केले. आईने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पडदा उघडला. सगळ्यांत अवघड नृत्यात एका गिरकीनंतर लेकीचा पाय किंचित उशिरा पडला. मृदंगवाल्यांनी तो बरोबर पाहिला, हात तेवढाच रोखला आणि थाप नेमकी तिच्या पावलाखाली दिली. प्रेक्षकांना कळलंही नाही. बाबांना तालातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेक हसली तेवढं त्यांना दिसलं. फार बरं वाटलं त्यांना.

नृत्य संपताच मृदंगवाल्यांनी खूश होऊन मान डोलावली. कट्ट! आवाज माइकमधून सभागृहभर घुमला. शेवटचा ठोका समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुटलेली मान सरळ झाली, आणि मृदंगवाल्यांची नजर थेट पहिल्या रांगेतल्या बाबांवर येऊन थांबली. बाबांनी आपली मान खाली घातली.

"काय एकाग्रता हो मृदंगवाल्यांची! मुलीवरून नजर म्हणून हलली नाही," कमानीखाली फोटो काढून परतलेले एक पाहुणे म्हणाले.

बाबा विंगेत गेले. "आज रात्री तुम्हा तिघांना हॉटेलात खोल्या घेतल्यात," ते चाचरत म्हणाले. "भाव केला नाही."

मृदंगवाल्यांनी मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली आणि ते समाधानाने हसले.

"साहेब, पुढच्या वेळी तुम्ही फक्त धन द्या. मान आमची आम्ही सांभाळतो."