इतर पदार्थ

चोपडा तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना सकस आहाराच्या सवयी लावायचं ठरलं, म्हणजे वरून परिपत्रक आलं. त्यानुसार दुसरीचे वर्गशिक्षक प्रेमराज सर यांनी छोट्या सुटीत प्रत्येक डबा उघडून आतला पदार्थ ॲपमध्ये नोंदवायचा होता. ॲपमध्ये पाच पर्याय होते: पोळी-भाजी, फळ, अंडं, पौष्टिक बिस्किट आणि इतर. पहिल्या चारांना हिरवी खूण होती, 'इतर'ला लाल.

भाविकाच्या डब्यात कळण्याची भाकरी होती. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, वर ठेचा आणि तेलाची धार. सर स्वतः सकाळी तीच खाऊन निघाले होते. त्यांनी यादी दोनदा खालीवर केली आणि जड मनाने 'इतर' दाबलं. तीन लाल खुणा होताच भाविका 'जोखीम गटात' गेली आणि सरांना नोटीस आली: आपल्या वर्गातील विद्यार्थिनी अपायकारक आहार घेत असताना आपण काय करीत होता?

नुसत्या खुलाशावर भागणार नव्हतं, पालकांचं समुपदेशनही सक्तीचं होतं. सर भाविकाच्या आजीला, भिकुबाईंना भेटायला गेले.

"अक्का, उद्यापासून डब्यात भाकरी देऊ नका."

"का बरं? मन्ही भाकरमा काय खोट शे?"

"खोट नाही हो, पर्याय नाही."

"गुरुजी, आम्हीन बठ्ठा हाईच खाईसन मोठा व्हयनूत!"

"त्याची कुठे नोंद नाही ना, अक्का."

समुपदेशन यशस्वी झाल्याबद्दल भिकुबाईंनी अंगठा दिला. दुसऱ्या दिवसापासून डब्यात चार बिस्किटं येऊ लागली आणि खूण हिरवी झाली. तिसऱ्या तासाला भाविका बाकावर डोकं टेकून म्हणायची, "सर, भूक लागनी." सरांनी ॲपमध्ये 'भूक' शोधून पाहिली, पण तसा रकाना नव्हता. महिन्याभरात पोरीचं वजन दीड किलोने उतरलं. वजनाचं ॲप मात्र दुसऱ्या खात्याचं होतं.

शाळा शंभर टक्के सकस झाल्यामुळे पाहणीला साहेब आले. जेवायला त्यांना अस्सल खान्देशी काहीतरी हवं होतं. गावात भिकुबाईंसारखी भाकरी कोणी थापत नव्हतं, म्हणून त्यांनाच बोलावलं. साहेबांनी चार भाकऱ्या संपवल्या आणि बोटं चाटत म्हणाले, "याला म्हणतात अन्न! आजकालच्या मुलांना हे नकोच असतं. आईबापच बिस्किटं देतात हो, सर."

"होय साहेब," सर म्हणाले.

भाविका दारात उभी राहून आजीची भाकरी बघत होती. सरांनी एक तुकडा मोडला आणि हात पुढे केला. तेवढ्यात कोणीतरी मोबाईल धरला. शाळेच्या आवारात, शाळेच्या वेळेत, विद्यार्थिनीला 'इतर पदार्थ' देताना! सरांनी तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. फोटो छान आला.

साहेबांच्या अहवालावरून जळगावात कळण्याच्या भाकरीचा महोत्सव भरला. 'मुलांनी विसरलेली चव' असा मोठा फलक होता आणि गर्दी तर विचारू नका. तुम्हीही मुलांना घेऊन आला होतात. भाकरी हातात देऊन त्यांचे फोटो काढलेत, सगळ्या नातेवाइकांना पाठवलेत. सोमवारी सकाळच्या घाईत त्यांच्या डब्यात जे सरकवलंत, त्याचा फोटो मात्र कोणाला आलेला नाही.