आतली मूठ

ऑरविल ब्रँडव्हॉल्डच्या न्हाणीघरात फरशा अर्ध्या भिंतीपर्यंत पोचल्या होत्या आणि कुंपणाचा रंग फाटकापाशी येऊन थांबला होता. त्यामुळे गावच्या बेसबॉल संघाच्या या पिचरला आजवर सुरू केलेला एकही सामना स्वतः संपवता आला नव्हता, याचं त्याची बायको आर्डिस हिला नवल वाटत नसे. सातव्या डावापर्यंत ऑरविल चेंडू टाकी. मग मॅनेजर लॉयड डुलत डुलत मैदानात येई, त्याच्या हातातून चेंडू काढून घेई आणि उरलेले दोन डाव तरणाबांड ड्वेन उरकी. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे चर्चा एकच, ड्वेननं जिंकून दिलं.

आज ऑरविलचा शेवटचा सामना होता. खांदा कुरकुरायला लागला होता. निघताना आर्डिस म्हणाली, "आजचा पुरा कर. न्हाणीघराचं नाव जन्मात काढणार नाही."

सातव्या डावात ऑरविलचा नॉर्डबी संघ एका धावेनं पुढे होता. लॉयडनं सवयीनं ड्वेनला हात गरम करायला पाठवलं. ड्वेन चेंडू आणायला कुंपणापलीकडच्या सामानाच्या खोलीत गेला आणि वाऱ्यानं दार आपटलं. त्यानं दारावर बुक्के मारायला सुरुवात केली. प्रेक्षकांना वाटलं, कुणीतरी ऑरविलसाठी ढोल बडवतंय. त्यांनी त्या ठेक्यावर टाळ्या धरल्या. टाळ्या वाढल्या तसा ड्वेन चिडून आणखी जोरात बडवू लागला, आणि आर्डिसनं तर केकचं रिकामं ताट चमच्यानं वाजवायला घेतलं.

लॉयडनं ड्वेनला केकच्या टेबलापासून गाड्यांपर्यंत शोधायला माणसं धाडली. ऑरविलला मात्र कुणी विचारलं नाही. रंगात आलेल्या पिचरशी बोललं की दृष्ट लागते, म्हणून तो बाकाच्या टोकाला एकटा बसे. असा आठवाही डाव निघाला.

नवव्या, शेवटच्या डावात समोरच्यांचे दोन गडी बाद झाले आणि दोघे बेसवर पोचले. आता मात्र लॉयडला राहवेना. तो पिचरच्या उंचवट्यावर आला.

"ड्वेन दिसला का रे कुठं?"

ऑरविलनं कान दिला. धाड, धाड, धाड. त्या दाराला नवी कडी त्यानंच वसंतात बसवली होती. आतली मूठ तेवढी राहिली होती. ती अजून त्याच्या गाडीत पडून होती.

"टाकताना मला आजूबाजूचं काही दिसत नाही बघ," तो म्हणाला.

पंच घड्याळाकडे बघू लागला. लॉयडनं पुढे केलेला हात मागे घेतला. "मग टाक बाबा तूच."

ऑरविलनं टाकला. फलंदाजानं जिवाच्या करारानं बॅट फिरवली आणि तिसऱ्यांदाही फक्त वारा घातला. शेवटचा गडी बाद, सामना खलास. पोरांनी ऑरविलला खांद्यावर घेतलं, त्याच्या कुरकुरत्या खांद्यावर थापा मारल्या, आणि त्याला काही दुखलं नाही.

हळूहळू टाळ्या थांबल्या. ढोल थांबला नाही. आर्डिसनं आधी खोलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

दार उघडलं तेव्हा ड्वेन घामानं निथळत होता. "जिंकलो?"

"जिंकलो."

"संपवला कुणी?"

"मी," ऑरविल म्हणाला. हा शब्द त्यानं सावकाश, चवीनं उच्चारला.

आर्डिसनं गाडीतून मूठ आणि पेचकस आणून नवऱ्याच्या हातात ठेवला. ऑरविलनं तिथंच गुडघे टेकून दोन स्क्रू घट्ट पिळले. मग उठला, खांदा चोळला आणि पेचकस ड्वेनपुढे धरला.

"उरलेले दोन तू लाव," तो म्हणाला. "शेवट तुला चांगला जमतो."