जंतूचे नाव लिहिणे बंधनकारक आहे

मुलांच्या रुग्णालयात चाचण्यांना परवानगी देणारा अधिकारी मी आहे. माझ्या सहीशिवाय इथे रक्ताचा थेंबही प्रयोगशाळेची पायरी चढत नाही. लोक मला खडूस म्हणतात. मी त्याला शिस्त म्हणतो.

गेल्या महिन्यात एका सात वर्षांच्या मुलीचा अर्ज आला. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला चाळीस दिवस झाले होते. ताप हटत नव्हता, फुप्फुसे भरत चालली होती आणि नेहमीच्या तपासण्यांत काहीच सापडत नव्हते. तिच्या डॉक्टरबाईंना नवे यंत्र वापरायचे होते. फुप्फुसातून काढलेल्या पाण्यात जे कोणी दडून बसले असेल, त्या सगळ्यांची जनुके ते यंत्र वाचते. अर्ज मी परत पाठवला. डॉक्टरबाई तरातरा खाली आल्या.

"काय राहिलं?"

"नववा रकाना. शोधायच्या जंतूचं नाव."

"अहो, नाव माहीत असतं तर चाचणी कशाला मागितली असती?"

"ते दहाव्या रकान्यात लिहा. कारणं तिथे लिहायची असतात."

त्यांनी दातओठ खात 'अज्ञात' लिहिले. मी मंजूर जंतूंची यादी काढली. एकूण चारशे बारा, त्यात अज्ञात नाही. यादीत नवा जंतू घ्यायचा तर समिती लागते. ती मी तातडीने, म्हणजे पाचव्या दिवशी बोलावली. समितीने विचारले, या जंतूने पूर्वी आपल्याकडे काही उपद्रव केल्याची नोंद आहे का? नव्हती. विषय पुढे ढकलला.

मुलीचे वडील रोज माझ्या खिडकीशी येऊन उभे राहत. "साहेब, पोरीला आता वाक्य पुरं करता येत नाही हो. 'बाबा' म्हणते आणि दम खाते." मला गलबलून आले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. खुर्ची देणे माझ्या अधिकारात होते.

सहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी यादीतल्या पहिल्याच जंतूचे नाव ठोकून दिले. धडधडीत खोटे. पण अर्ज पूर्ण भरलेला होता, त्यामुळे मी मिनिटभरात सही केली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. निघाली एक भलतीच बुरशी, आणि तिचे औषध वरच्याच मजल्यावरच्या कपाटात होते. दोन आठवड्यांत पोरगी इतकी सावरली की नर्सशी भांडू लागली.

मी डॉक्टरबाईंकडून लेखी खुलासा मागवला: परवानगी एका जंतूची असताना दुसरा का सापडला?

घरी जायच्या दिवशी वडील खिडकीशी आले. माझे दोन्ही हात धरून रडले. "साहेब, तुम्ही सही केलीत म्हणून माझी लेक वाचली."

ती सहा दिवस माझ्यामुळे गुदमरत होती, हे त्यांना सांगायचे होते. अगदी ओठांवर आले होते. मी म्हणालो, "अहो, आमचं कर्तव्यच आहे ते."

माझ्या जागी आपण खरे बोललो असतो, असे तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. मी स्वतः अर्ज घेऊन खिडकीच्या त्या बाजूला उभा राहायचो तोवर मलाही तसेच वाटायचे.