कलम सात

सोमवार, दिनांक ९ जून, सकाळचे आठ वाजण्यास सात मिनिटे कमी असताना, मोशी येथील मोठ्या इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, चार क्रमांकाच्या खोलीत, प्रोफेसर अन्सेल्म ल्यातू तपासणीच्या खाटेचा डुगडुगणारा पाय स्थिर करण्यासाठी खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

कमरेत काहीतरी कट्कन वाजले होते. प्रोफेसर भूलशास्त्राचे. तीस वर्षे त्यांनी इतरांच्या कमरेत सुया घातल्या होत्या. परंतु कंबर ही वस्तू आतून कशी असते, याचा परिचय त्यांना आज प्रथमच होत होता. खाटेची कड धरून, इंच इंच सरकत, ते कसेबसे वर चढले आणि कुशीवर आडवे झाले. खाट डुगडुगली. पायाखाली सारायची कागदाची घडी अजून त्यांच्या हातातच होती.

हा प्रसंग इतर कोणत्याही दिवशी आला असता तर चालले असते. आज मात्र वेदनाचिकित्सेच्या प्रमाणपत्राची पहिली परीक्षा होती. या प्रमाणपत्रासाठी प्रोफेसर पाच वर्षे नऊ महिने भांडत आले होते. हाडांचे डॉक्टर म्हणत, दुखणे आमचे. मनाचे डॉक्टर म्हणत, आमचे. भूलवाले म्हणत, सुई आमच्या हाती, तेव्हा दुखणेही आमचेच. ते दुखणाऱ्याचे असावे, असे कोणीच म्हणेना. अखेर प्रोफेसरांनी सर्वांना एका वर्गात बसवले, दोन वर्षे एकच अभ्यासक्रम शिकवला, आणि परीक्षेची नियमावली स्वहस्ते लिहिली. तिच्यातील प्रत्येक स्वल्पविरामासाठी ते वाद घालून जिंकलेले होते. परीक्षा यथासांग पार पडली तर दार एस सलामहून आलेल्या परिषदेच्या निरीक्षक, डॉ. एदिता रुतागवा, प्रमाणपत्रास मान्यता देणार होत्या. न पडली तर पुन्हा दोन वर्षांनी अर्ज.

दार उघडले. परीक्षेच्या चिटणीस आनाएलीबाई आत डोकावल्या.

"प्रोफेसर, घोळ झालाय. रुग्णाचं काम करणारे ते रेडिओवरचे म्हातारे कितवाना अरुशाहून निघालेत, पण बस वाटेत बंद पडली म्हणे. आता रुग्ण कुठून—" त्यांची नजर खाटेवर गेली. "अगबाई! तुम्हीच झोपलात? बरं झालं बाई. मला वाटलं, परीक्षा बुडाली."

"आनाएली, माझी कंबर धरली आहे."

"हो ना, तसंच आहे त्या कागदात. साठीचा पुरुष, कंबर धरलेली. काय हुबेहूब कण्हता हो!" असे म्हणून त्यांनी घंटा वाजवली.

निरीक्षकबाई आत येऊन कोपऱ्यातील खुर्चीवर बसल्या. मागोमाग औषधांचा ट्रे घेऊन एक नर्स आली. त्यांच्या मांडीवर प्रोफेसरांनीच लिहिलेली रुग्णाची संहिता होती.

"डॉक्टर रुतागवा," प्रोफेसर अत्यंत संयमाने म्हणाले, "मी सोंग करत नाही. मला खरोखर दुखते आहे."

बाईंनी संहितेत पाहून एक खूण केली. तिसरी ओळ: 'रुग्ण आपण सोंग करत नसल्याचे वारंवार सांगेल.'

"हा मूर्खपणा आहे! ताबडतोब थांबवा!"

बाईंनी आणखी दोन खुणा केल्या. चौथी ओळ: 'रुग्ण चिडेल.' पाचवी ओळ: 'तपासणी थांबवण्यास सांगेल.' खाली टीपही होती: 'आपले कोणी खरे मानत नाही, हेच या रुग्णाचे मुख्य दुःख होय.' ही टीप लिहिली तेव्हा प्रोफेसरांना आपल्याच लेखणीचे कौतुक वाटले होते.

पहिले उमेदवार, हाडांचे डॉक्टर हिझा, धिप्पाड आणि उत्साही. "वा सर! स्वतः? मानलं तुम्हाला!" असे म्हणत त्यांनी प्रोफेसरांना उताणे केले, त्यांचा उजवा पाय टाचेला धरला आणि ताठ वर उचलला. प्रोफेसरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मार्गिकेच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

"तीस अंश," हिझा समाधानाने म्हणाले. "आता डावा."

"हिझा, त्या पायाला हात लावलास तर याद राख!"

"रुग्ण तपासणीस विरोध करतो," हिझांनी मोठ्याने सांगितले आणि डावाही उचलला.

घंटा झाली. दोन घंटांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात प्रोफेसर घामाघूम होऊन म्हणाले, "बाई, तुमच्या पदाची शपथ, हे नाटक नाही. मी परीक्षेचा प्रमुख म्हणून सांगतो आहे."

डॉ. रुतागवांनी चष्म्यावरून पाहिले. "प्रमुख म्हणून सांगत असाल तर मला ऐकावं लागेल, प्रोफेसर. पण मग तुमचं कलम अकरा लागू होतं. 'कोणत्याही कारणास्तव परीक्षा मध्येच थांबल्यास ती संपूर्ण रद्द समजावी.' थांबवू?"

कलम अकरा! 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द काढून टाका, असे तिघांनी सुचवले होते, आणि त्या तिघांना प्रोफेसरांनी पाऊण तास फैलावर घेतले होते. आपला शब्द कोणी खरा मानला तर प्रमाणपत्र जाणार. न मानला तर पुढचा उमेदवार येणार. इतका निर्लज्ज पेच त्यांच्यावर कोणी टाकला असता तर त्यांनी त्याची साले काढली असती. पण तो टाकणारे गृहस्थ स्वतः तेच होते.

"थांबवू नका," ते दात आवळून म्हणाले.

दुसरे उमेदवार, मनाचे डॉक्टर काशाईजा, खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांनी पायाला हात लावला नाही, याबद्दल प्रोफेसरांच्या डोळ्यांत कृतज्ञता दाटली. ती दोन मिनिटे टिकली.

"सर, राग कोणाचा आलाय?"

"तुझा."

"माझ्याआधी?"

"हिझाचा."

"आणि त्याच्याही आधी? लहानपणी वडील कडक होते का?"

"माझे वडील कॉफी पिकवत, आणि त्यांनी कधी कोणाला असले प्रश्न विचारले नाहीत!"

"वडिलांचा विषय निघताच आवाज चढला," काशाईजा लिहू लागले. उरलेला सर्व वेळ वडिलांवर गेला. कमरेचे नावही निघाले नाही.

तिसऱ्या उमेदवार डॉ. झुहुरा. किगोमाकडच्या एका लहान इस्पितळात सर्व रोगांच्या त्या एकट्याच डॉक्टर. परीक्षेसाठी दोन दिवस प्रवास करून आलेल्या. वर्गात प्रोफेसरांशी त्यांचा एकदाच खटका उडाला होता. रुग्णाला प्रथम 'पोले', म्हणजे 'अरेरे, वाईट वाटलं', असे म्हणणाऱ्यास दोन गुण द्यावेत, अशी त्यांची सूचना होती. येथे ठेच लागो, ताप येवो की बस चुको, समोरचा 'पोले' म्हणतो, आणि ज्याला म्हटले तो लगेच 'निमेशापोआ', म्हणजे 'झालो हो बरा', असे म्हणून मोकळा होतो. "सौजन्य हे औषध नव्हे," असे म्हणून प्रोफेसरांनी ते दोन गुण लाल शाईने खोडले होते.

झुहुरांनी प्रोफेसरांचा भिजलेला सदरा पाहिला, नाडी पाहिली, पाठीवरून अलगद बोटे फिरवली आणि एका जागी थांबवली. प्रोफेसरांचा श्वास अडकला. झुहुरांनी त्यांच्या गुडघ्यांखाली उशी सारली. मग प्रोफेसरांच्या मुठीत चुरगळलेली घडी काढून घेतली, खाली बसून खाटेच्या पायाखाली घातली. खाट स्थिर झाली.

"दहापैकी किती दुखतंय, सर?"

"नऊ," प्रोफेसर म्हणाले. आज प्रथमच कोणी तो प्रश्न विचारला होता.

"सिस्टर, इंजेक्शन भरा. खरं औषध भरा." मग प्रोफेसरांच्या कपाळावर हात ठेवून झुहुरा हळूच म्हणाल्या, "पोले साना, बाबा."

आणि आईच्या मांडीवर असल्यापासून अठ्ठावन्न वर्षे जे उत्तर कधी चुकले नव्हते, ते प्रोफेसरांच्या तोंडून आपसूक निघून गेले: "निमेशापोआ."

निरीक्षकबाईंनी लेखणी उचलली.

"रुग्ण काय म्हणाला?"

झुहुरांनी ओठ चावला. "बरा झालो म्हणाला."

"कलम सात," बाई वाचू लागल्या. "'रुग्ण सांगेल तीच वेदना. वैद्याने आपले मत त्यावर लादू नये.' लिहा, वेदना शून्य."

"शून्य?" प्रोफेसर कोपरावर उठू गेले आणि पुन्हा कोसळले. "अहो, ती बोलायची रीत आहे! घर जळत असलं तरी माणूस तेच म्हणतो!"

"असा अपवाद नियमावलीत नाही."

"नियमावली मी लिहिली आहे!"

"म्हणून तर मला तिचा आदर आहे," बाई म्हणाल्या. नर्सने भरलेली सुई ट्रेमध्ये परत ठेवली. प्रोफेसर त्या सुईकडे पाहत राहिले. घंटा झाली, आणि परीक्षा संपली.

डॉ. रुतागवा उठल्या आणि खाटेजवळ आल्या. "तिन्ही उमेदवार उत्तीर्ण. प्रमाणपत्राला मान्यता. एकच दुरुस्ती सुचवते: 'पोले'चे दोन गुण परत घाला, आणि त्याचं उत्तर पुरावा म्हणून धरू नका. आता परीक्षा संपली आहे, प्रोफेसर. खरंच दुखतंय का?"

"खरंच दुखतंय!"

"मला पहिल्या किंकाळीलाच शंका आली होती," बाई म्हणाल्या. "पण कलम अकरा."

झुहुरांनी इंजेक्शन दिले. पंधरा मिनिटांनी प्रोफेसरांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर काढले. झुहुरा कागद घेऊन बरोबर चालत होत्या. औषधानंतरचा वेदनेचा आकडा त्यात अजून भरायचा होता. मार्गिकेत हिझा, काशाईजा आणि आनाएलीबाई ओशाळून भिंतीला चिकटून उभे होते. इतक्यात जिन्यावरून, धुळीने माखलेले, टोपी हातात घेतलेले म्हातारे कितवाना धापा टाकत वर आले. ज्यांच्या आवाजावर निम्मा देश वाढला, त्यांनी खुर्चीतल्या गृहस्थांना पाहिले आणि छातीवर हात ठेवून म्हटले:

"पोले साना, प्रोफेसर."

प्रोफेसरांचे तोंड उघडले. झुहुरांची लेखणी कागदावर थबकली होती. प्रोफेसरांनी तोंड मिटले, ओठ घट्ट दाबले आणि समोरच्या भिंतीकडे पाहिले.

कितवाना थांबले. आणखी थोडे थांबले. खुर्ची पुढे गेली, तशी ते आनाएलीबाईंकडे वळले आणि टोपी झटकत म्हणाले:

"शिकलाय पुष्कळ. पण वळण नाही."