येतो म्हणणारा प्रोग्राम

सानगडीच्या श्यामरावांच्या धानमिलमध्ये योगेंद्रच्या वजनकाट्याच्या प्रोग्रामची चाचणी होती. श्यामरावांनी पसंत केला तर गावात राहता येणार. नाहीतर सोमवारी पुण्याच्या कंपनीत परत, म्हणजे तिथली खोली, मेसची डाळ आणि खोलीतल्या चौघांचे मोजे.

"बघा काका, विजेची लाइन गेली का याले थांबाचा सिग्नल भेटते. मंग हा वजन जपून ठेवते न बंद होते."

योगेंद्रने सिग्नल पाठवला. भोंग्यातून प्रोग्राम अदबीने म्हणाला, "वजन जपून ठेवलं. जातो."

चाचणी पास झाली, असे एकट्या योगेंद्रला वाटले.

"जातो?" श्यामराव दचकले. "दारात धान येऊन राहिलं न हा जातो मनते? येतो मनावं, बापा! घरी शिकवलं नाई का याले?"

पुण्यातल्या भल्याभल्यांना न सापडलेली ही चूक योगेंद्रने निमूट दुरुस्त केली. पुन्हा सिग्नल. "येतो," म्हणून प्रोग्राम बंद झाला. धान घेऊन आलेली सगळी मंडळी भोंग्याकडे बघत बसली.

"कवा येते?" रांगेत पहिला असलेल्या तुलारामने विचारले.

"नाई येत जी. येतो मनजे गेला."

"मंग खोटं कायले बोलते? खोटारड्याच्या काट्यावर मी धान नाई मोजत!"

योगेंद्रने दात-ओठ खात प्रोग्राम पुन्हा आपोआप सुरू होईल अशी सोय केली. आता सिग्नल मिळताच तो "येतो" म्हणे आणि लगेच "आलो" म्हणून हजर होई.

"याले मनतात शब्दाचा पक्का!" श्यामराव खूश झाले. "लाव उद्यापासून." थांबण्याच्या परीक्षेत न थांबल्याबद्दल शाबासकी मिळवणारा तो पहिलाच असावा.

संध्याकाळी मिल बंद करायची वेळ झाली. "येतो." "आलो." श्यामराव कुलूप घेऊन दारात उभे. "येतो." "आलो."

"अगा, घालव ना त्याले!"

शेवटी योगेंद्रने राखून ठेवलेला सिग्नल सोडला. तो प्रोग्रामला काही विचारत नाही, सरळ मान मुरगळतो. भोंगा 'ये' वरच गप्प झाला.

"काय केलं बे?"

"मारला!" योगेंद्र घाम पुसत अभिमानाने म्हणाला.

श्यामरावांनी डोक्यावरची टोपी काढली. तुलाराम हळूच म्हणाला, "चांगला बोलत होता बिचारा."

"काका, उद्या सकाळी येऊ ना लावाले?"

"उद्या? तुया घरचं मानूस गेलं! सुतक फिटल्याबिगर मिलीत पाय नको ठेवू."

सुतकात सोमवारच्या पुण्याच्या गाडीत बसलेलं चालतं का, हे विचारायची योगेंद्रची हिंमत झाली नाही.