राक्षसाचा उपास

परबमामांनी पहिल्याच भेटीत मला सभागृहाबाहेर काढलं. तेही चालू नाटकातून, राक्षसाच्या वेषात, सगळ्या शाळेसमोर.

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत सुपरवायझर होतो. मामा शाळाशाळांत जाऊन मुलांसाठी नाटक करायचे. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः राहायला दिंडोशीला. त्या दिवशी पाचवीची मुलं चुळबुळ करायला लागली, म्हणून मी सवयीने दरडावलं, "हाताची घडी, तोंडावर बोट!" राक्षस जागच्या जागी थांबला. रंगमंचाच्या पायऱ्या उतरून माझ्यासमोर आला आणि शिंगं हलवत म्हणाला, "मास्तरांनू, तुमी जरा भायर बसा. बोंबलांदेत पोरांक."

तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं बोललं नव्हतं. मी सुन्न होऊन बाहेर व्हरांड्यात बसलो. आत मुलं छप्पर उडेल इतकी ओरडत होती.

मामांचं नाटक एकच. एक ससा गाजर खात बसलेला असतो आणि राक्षस मागून दबकत येतो. मुलांनी "मागे बघ!" असं ओरडायचं, मग ससा पळतो. मामांचा कडक नियम असा, की मुलं ओरडल्याशिवाय सशाने वळायचं नाही, राक्षसाचा श्वास मानेवर आला तरी नाही. "पोरां बोंबललीच नाय, तर ससो वाचतलो कसो?" हे त्यांचं नाट्यशास्त्र. ते त्यांनी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनाही ऐकवलं होतं.

राक्षसाचं मुंडकं बायकोने शिवलेलं, मिशा काथ्याच्या. मामा ते कधी पिशवीत घालत नसत. "गुदमारतलो तो." बसमध्ये खिडकीशी मुंडकं आणि शेजारी मामा. एकदा कंडक्टरने वैतागून विचारलं, "याचं तिकीट?" मामांनी गंभीरपणे सांगितलं, "अर्धा द्या. धड घराक आसा."

हसायला येतं ना? आता जे सांगायचं आहे त्यात हसण्यासारखं काही नाही.

पुढच्या वर्षी मामांचं नाटक पुन्हा ठरलं. संस्थेचे अध्यक्ष पहिल्या रांगेत बसणार होते. व्हरांड्यातला अपमान मी विसरलो नव्हतो. सकाळीच वर्गावर्गांत जाऊन मी सांगितलं, "नाटकात ज्याचा आवाज येईल, त्याची सहल बंद."

पडदा उघडला. ससा गाजर खाऊ लागला. राक्षस मागून आला. सभागृहात अडीचशे मुलं, अडीचशे बोटं ओठांवर, आणि आवाज नाही.

राक्षस विंगेत परत गेला, पुन्हा आला. पाय आपटले. शिंकला. सशाचं काम करणारा कॉलेजचा मुलगा बिचारा गाजर कुरतडत राहिला. गाजर संपलं, तेव्हा देठ चावू लागला. मुलं डोळे फाडून बघत होती. शेवटी राक्षसाचा पंजा सशाच्या मानेवर पडला. तेव्हा माझं लक्ष पहिल्या रांगेतल्या एका मुलीकडे गेलं. बोट ओठांवर घट्ट दाबलेलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मामांनीही तिला पाहिलं असावं. त्यांनी पंजा उचलला, मुंडकं काढून काखेत धरलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा, इसारलंय! आज माझो उपास आसा! ससो कसो खातलंय?" आणि सशाशेजारी मांडी घालून बसले. मुलगी रडता रडता हसली. नाटक तिथेच संपलं.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "हे काय? संवाद विसरला की काय हा माणूस?"

मी म्हणालो, "हो साहेब. वय झालं त्यांचं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण घाटकोपर, बोरिवलीच्या ओळखीच्या शिक्षकांनी फोनवर विचारलं, त्यांनाही मी तेच सांगितलं. परबांचं पाठांतर गेलं. बोलावणी आटली. मामांनी कुठेही खुलासा केला नाही. याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला होता, आणि तो आजवर ओसरला नाही.

निवृत्तीलाही बरीच वर्षं झाल्यावर, गेल्या महिन्यात पत्ता शोधत दिंडोशीला गेलो. मामा एकटेच. मामी गेल्याचं मला तिथे कळलं. सोफ्यावर एका बाजूला मुंडकं, एका बाजूला मामा, दोघं टीव्ही बघत होते.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"ठावक आसा माका," मामा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलतलंय? पोरां बोंबलली नाय म्हणान? मग त्यांका शिक्षा झाली असती. आणि ता पयल्या रांगेतला चेडू, मास्तर. तेका जन्मभर वाटला असता, आपल्यामुळे ससो मेलो." मामांनी मुंडक्याच्या मिशा सरळ केल्या. "राक्षसाक इसरूक चलता."

मामांनी कपाटातून सशाचे कान काढून माझ्या हातात दिले. "बसा थंय. भिंतीकडे तोंड करून. लय दिवस झाले."

सत्तरी ओलांडलेला मी, कान घालून स्टुलावर बसलो. मागे चप्पल घासल्याचा आवाज आला. दबकत, थांबत, धाप लागत. नियम मला माहीत होता, मी वळलो नाही. खोलीत ओरडायला कोणी नव्हतं.

श्वास मानेवर आला. पंजा खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

"घाबरू नकात, मास्तरांनू," मुंडक्याच्या आतून आवाज आला. "आज माझो उपास आसा."