टक् आला का?

मुनीरभाईंकडे गाडीचा एसी दाखवायला गेलं, की ते आधी मालकाला तपासतात. गाडीची पाळी नंतर येते.

"तक्रार सांगा, निकाल सांगू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य.

मला हे माहीत नव्हतं. मी जाऊन सरळ म्हणालो, "एसीचा गॅस संपलाय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी खाल्ला?"

"म्हणजे... संपला असेल."

"गॅस जळत नाही साहेब, गळतो. गळताना पाहिलात?"

"नाही."

"मग निकाल मागे घ्या."

मी निकाल मागे घेतला.

त्यांचं दुकान कसबा पेठेत अशा बोळात आहे, की समोरून सायकल आली तर दोघांपैकी एकाला कुणाच्या तरी दुकानात शिरावं लागतं. गाडी तिथे पोचूच शकत नाही. एसीचा एवढा नावाजलेला कारागीर अशा जागी का बसतो, हे मला कळेना. विचारलं तर म्हणाले, "गाडी लांब असली की माणूस नीट बोलतो. जवळ असली की बॉनेट उघडून मलाच शिकवायला लागतो."

मग चौकशी सुरू झाली. मी सांगितलं, की धायरीहून निघालो की गाडी पळते तोवर आत गार असतं. सिग्नलला थांबलो की गरम हवा येते आणि तापमानाचा काटा वर चढतो.

"मागे कोण बसतं?"

"सासूबाई."

"त्या काय म्हणतात?"

"म्हणतात, काच उघडा."

"त्यांना कळतं," मुनीरभाई म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. सासूबाईंचं मत नोंदवून घेणारा हा मला भेटलेला पहिला मेकॅनिक.

"पळताना गाडीला वारा फुकट मिळतो. थांबली की तो पंख्याने द्यायचा असतो. तुमचा पंखा देत नाही. चला."

पंखा हा त्यांचा खानदानी विषय. वडील छताचे पंखे दुरुस्त करायचे. "त्यांचा जन्म वर बघण्यात गेला, माझा वाकण्यात. त्यांची मान गेली, माझी कंबर." पेठेत मात्र ख्याती आहे ती त्यांच्या कानाची. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात म्हणे. असल्या कीर्तीवर माझा फारसा विश्वास नसतो. कान मोजायचं यंत्र कीर्ती सांगणाऱ्याकडे नसतं.

गाडी नदीकाठच्या रस्त्यावर होती. मुनीरभाईंनी पिशवीतून पोतं काढून अंथरलं, बॉनेट उघडलं आणि चावी अर्धीच फिरवायला सांगितली. इंजिन बंद होतं.

"आता इकडे या. मी हा प्लग काढला की गाडीला वाटेल आपण फार तापलोय. ती पंख्याला हुकूम सोडेल. हुकूम निघाला की या डबीत टक् होतं. हिला रिले म्हणतात. कान लावा."

मी कान लावला. त्यांनी प्लग काढला.

"टक् आला का?"

"नाही."

"नीट ऐका. घाई नको." प्लग लावला, पुन्हा काढला. "आता?"

"नाही."

तिसऱ्यांदाही तेच झालं. माझा कान तापला होता. एवढा मोठा कान शेजारी असताना माझा भाड्याने का घेतलाय, हेच उमजेना. शेवटी अर्थ लागला: हे गाडी तपासत नाहीत, माझी परीक्षा घेताहेत. टक् येत असणार आणि मलाच ऐकू येत नसणार.

चौथ्यांदा विचारल्यावर नापास विद्यार्थी जे करतो तेच मी केलं. म्हणालो, "आला."

"शाबास. टक् आला, पंखा फिरला नाही. म्हणजे मोटर गेली."

त्यांनी खात्रीसाठी बॅटरीवरून मोटरला थेट दोन वायरी लावल्या. पंखा असा सुटला, की त्यांची टोपी उडाली.

मुनीरभाई बघत राहिले. "मोटर चांगली. टक् येतोय. मग मधे काय?"

मी त्यांच्या रागावण्याची वाट पाहत होतो. ते रागावलेच नाहीत. पोत्यावर गुडघे टेकून त्यांनी वायरींवरची काळी टेप सोडवायला घेतली. एक वायर, दुसरी वायर. मे महिन्याचं ऊन होतं. "असं कधी होत नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. "चाळीस वर्षांत असं झालं नाही."

मी म्हणालो, "मुनीरभाई, तुम्ही स्वतः एकदा ऐकून बघा ना."

"तुम्ही ऐकलंत ना?"

"नाही. टक् आला नव्हता. मला वाटलं, तुम्ही परीक्षा घेताय."

हातातली टेप त्यांनी हळूच खाली ठेवली.

"परीक्षा कसली साहेब? मी विचारत होतो."

त्यांनी उडालेली टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "घरघर ऐकू येते, तुमचं बोलणं कळतं. बारीक आवाज गेले. डबीवर बोट ठेवून बघितलं असतं, पण बोटंही भाजून भाजून बथ्थड झालीत. बायको डबा घेऊन यायची, तर बांगड्या वाजल्या की मी न बघता म्हणायचो, आलीस? आता ती खांद्याला हात लावते. म्हणते, तुमचं लक्ष नसतं हल्ली. लक्ष असतं हो."

"भाभींना सांगितलं नाहीत?"

"कानावर लग्न केलंय तिने. सगळी पेठ कानावर येते."

त्यांनी नवी रिले बसवली. मी कान लावला. स्वच्छ टक् आला, पंखा फिरला, आणि मी ओरडलोच, "आला!"

"खरं?"

"सासूबाईंची शपथ."

त्यानंतर गाडी बिघडली नाही. तरी शनिवारी सकाळी मी नदीकाठी जातो. गिऱ्हाइकं माझ्याकडे संशयाने बघतात. मुनीरभाई त्यांना सांगतात, "साहेब शिकायला येतात माझ्याकडे." मी मान डोलावतो आणि डबीला कान लावतो. टक् आला की गुपचूप बोट वर करतो.

परवा असाच वाकलो असताना मागून बांगड्या वाजल्या. मुनीरभाई प्लगशी झटत होते. मी नेहमीसारखं बोट वर केलं. त्यांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोळ्यांनीच मागे खूण केली.

"आलीस?" ते म्हणाले. वळले नाहीत.

भाभींनी डबा पोत्यावर ठेवला. मला म्हणाल्या, "बघा, मला उगीच वाटत होतं यांचं लक्ष नसतं."